नोंदी आहेत, आठवण नाही



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी जरा भीतभीतच विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. आरोग्याच्या आकडेवारीवर बोलणार?" शंका रास्त आहे. म्हणून आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यातली पाच निवृत्त माणसं दर गुरुवारी संध्याकाळी एकाच्या घरी जमून वाचन करतात. एक बँकेतले, एक पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होत्या त्या, दोन शाळामास्तर, आणि तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा एक. पूर्वी कांट वाचला, तर्कसंग्रह वाचला. गेली दोन वर्षं मात्र सरकारी अहवाल आणि छापील फॉर्म वाचतो आहोत. आज बोलायचं ते त्या वाचनातून आलेलं आहे.

पूर्वी आमच्यात सहावे एक होते. गणिताचे शिक्षक. घाटकोपर स्टेशनच्या पुलावर, जिथे लोकलची गर्दी आणि मेट्रोची गर्दी एकमेकींत मिसळते, तिथे ते एके दिवशी उभेच राहिले. अंधेरीला मुलीकडे जायचं होतं. वर्षानुवर्षांचा रस्ता. पण कुठल्या बाजूला वळायचं तेच सुचेना. तिथून पुढे सहा वर्षं. शेवटी शेवटी ते मुलीला 'बाई' म्हणून हाक मारीत, शाळेतल्या बाईंना मारावी तशी. ते गेल्यावर मुलीनं एक कापडी पिशवी आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "काका, यातलं काय ठेवू, काय टाकू?"

आम्ही सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. एक्केचाळीस निघाले. केसपेपर, रक्ताचे अहवाल, डोळ्यांचा नंबर, कंबरेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, विम्याचे कागद. या एक्केचाळीस कागदांपैकी 'डिमेन्शिया' हा शब्द तिनांवर होता, आणि त्यातल्या एकावर पुढे प्रश्नचिन्ह होतं. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर तो नव्हताच. तिथे होतं: हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडणे, त्याखाली न्यूमोनिया. म्हणजे ज्या आजारानं त्या घराची सहा वर्षं खाल्ली, तो आजार महानगराच्या हिशेबात झालाच नाही.

हे कोणा एका डॉक्टरवरचं गाऱ्हाणं नाही. कुठलं रुग्णालय, कोण डॉक्टर, हे आम्ही सांगणारही नाही. कारण तीच पिशवी थोड्याफार फरकानं घरोघरी आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. सध्या सगळीकडे म्हटलं जातं की, नवी पाहणी करायला पैसे नसतील तर हाताशी असलेली माहिती वापरा. ओपीडीच्या नोंदी, विम्याचे दावे, मृत्यूचे दाखले, मोठ्या पाहण्यांचे आकडे, यांतून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी धोरण आखता येईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? म्हणणं पटण्यासारखं आहे. पण कळशात पाणी किती आहे आणि ती कुठे गळते आहे, ते आधी बघायला नको का? एखाद्या ग्रंथाची समीक्षा करावी तशी आज आपण या नोंदींची समीक्षा करू.

सुरुवात आकड्यांपासून. मुंबईत चाळीशीपुढच्या चोवीस हजारांहून अधिक माणसांची पाहणी करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षांवरच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के आढळलं. २०१० मध्ये पुण्यातल्या अभ्यासात ते ४.१ टक्के निघालं. त्याच वर्षी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियानं देशाचा अहवाल काढला आणि ३७ लाख हा आकडा दिला. आणि २०२३ मध्ये 'लासी-डॅड' या अभ्यासाचा निष्कर्ष आला: साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त.

आता कुणी हे आकडे ओळीनं मांडले तर वर्तमानपत्राचा मथळा तयारच आहे: वीस वर्षांत तिप्पट! पण थांबा. पहिला आकडा पासष्टीपुढचा, शेवटचा साठीपुढचा. वयाची अट खाली आणली की टक्का कमी व्हायला हवा, कारण हा आजार वयाबरोबर वाढतो. इथे तर तो वाढलाय. त्यातही एक अभ्यास एका शहरातला, दुसरा खेड्यांसकट साऱ्या देशाचा. मग आजार किती वाढला, आणि किती वाढलं आपलं मोजणं?

स्मृतिभ्रंशाच्या निदानात एक अट असते: रोजच्या व्यवहारात अडथळा आला पाहिजे. आता हा अडथळा कुणाच्या व्यवहारात? बोरिवलीत एकटे राहणारे, बँकेचे व्यवहार स्वतः करणारे गृहस्थ चेकवर सही चुकले की दुसऱ्या दिवशी कळतं. पण ज्या आजीच्या हातात घरानं कधी पैसेच दिले नाहीत, जिला एकटीनं कधी स्टेशनवर जावं लागलं नाही, तिचं काय चुकणार? तिच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नाही, तर अडथळा दिसणार कुठे? लोक म्हणतात, "वय झालं आता, विसरते." विकसनशील देशांत जुन्या निकषांनी रुग्ण कमी मोजले जातात, ही टीका या क्षेत्रातल्या संशोधकांनीच केलेली आहे. शाळेत न गेलेल्या माणसाला 'आज तारीख काय' किंवा 'ही आकृती काढा' असं विचारणं हीसुद्धा स्मृतीची नाही, शाळेची परीक्षा होते. म्हणूनच नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी प्रश्नावली हिंदीत नव्यानं घडवावी लागली.

मुद्दा एवढाच की, आकडा खोटा नसतो, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न सोबत घेऊन फिरतो. प्रश्न गाळून नुसता आकडा उचलला की फसगत होते.

लासीबद्दल मात्र आदरानं बोललं पाहिजे. ही पाहणी करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्या शेजारीच, देवनारला आहे. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांना गाठलं. त्यातल्या साठीपुढच्या चार हजारांवर माणसांची दिल्लीच्या एम्सच्या सहकार्यानं खोलात तपासणी झाली, ती लासी-डॅड. तिथे नुसत्या रुग्णाला नाही, त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसालाही प्रश्न विचारले. ही माहिती संशोधकांना उपलब्ध आहे. आधीच जमवलेल्या माहितीचा चांगला उपयोग म्हणजे काय, तर हे.

पण चार हजारांवर माणसं सबंध देशातली. त्यावरून भारताचं बोलता येतं. मुलुंडच्या टी वॉर्डात किती रुग्ण, घाटकोपरच्या एन वॉर्डात किती, याचं उत्तर त्यातून निघत नाही. तसा त्या अभ्यासाचा दावाही नाही. आणि दिवसभराचं सांभाळ-केंद्र काढायचं झालं तर ते भारतात काढायचं नसतं, एखाद्या वॉर्डात, एखाद्या रस्त्यावर काढायचं असतं. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९३ लाख ५६ हजारांवर होती. कित्येक देश यापेक्षा लहान असतात. एवढ्या वस्तीसाठी वॉर्डाचा आकडा हवा, आणि तो रोजच्या नोंदींतूनच मिळू शकतो.

म्हणून आता रोजच्या नोंदींकडे वळू. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स पद्धतीनं मुंबईत पाहणी झाली. सुमारे ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब आणि १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर जास्त, हे आकडे बऱ्याच जणांनी वाचले असतील. या पाहणीचा वयोगट होता १८ ते ६९. सत्तरीला टेकलेला माणूस तिच्यातून बाहेर. ही त्या पद्धतीची ठरलेली चौकट आहे, पालिकेनं मुद्दाम केलेलं नाही. पण आमच्या वाचनगटातल्या पाचांपैकी चौघे या चौकटीबाहेर पडलो, तेव्हा परिचारिका होत्या त्या बाई म्हणाल्या, "चला, आपल्याला बीपीच नाही!"

गंमत बाजूला ठेवू. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानं स्मृतिभ्रंशाचे चौदा टाळता येण्यासारखे धोके सांगितले आणि त्या सगळ्यांवर उपाय झाला तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील असा अंदाज दिला. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, शिक्षण कमी असणं, एकटेपणा, प्रदूषित हवा हे त्यात आहेत. म्हणजे बघा, २०२१ मध्ये ४५ वर्षांच्या माणसाचा जो रक्तदाब मोजला गेला, तो २०४१ च्या स्मृतिभ्रंशाचा आकडा आहे. माहिती आपल्याकडे आहे, पण ती हृदयविकाराच्या कपाटात ठेवली आहे आणि कपाटावर दुसरी चिठ्ठी लावायची कुणाला सुचलेलं नाही. मोतिबिंदूच्या शिबिरांच्या याद्या, कानाच्या यंत्रांच्या मागण्या, याही त्याच जातीच्या.

तिसरा कागद म्हणजे केसपेपर. राजावाडी, अगरवाल, भगवती, कूपर, कुठेही जा. केसपेपर बहुधा रुग्णाच्या हातात दिला जातो आणि पुढच्या वेळी आणायला सांगितलं जातं. सांभाळायचा कुणी? रुग्णानं. आता या आजाराच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो? जो माणूस आठवण हरवतो आहे, त्यालाच आपण आपल्या व्यवस्थेच्या आठवणीचा राखणदार नेमला आहे.

यावर उत्तर येतं: आता सगळं संगणकावर आलं. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळू शकतो. दिशा चांगलीच आहे. पण कागद जोडायचे तर ओटीपी लागतो, आणि ओटीपी मोबाइलवर येतो. आमच्या मित्रानं पहिल्या वर्षातच दोन मोबाइल हरवले होते. पुढे मुलीच्या नंबरावर सगळं चाललं, म्हणून बरं. जिच्यामागे मुलगी नाही तिचं काय, हे व्यवस्था आखणाऱ्यांनी विचारायला हवं.

विम्याच्या दाव्यांचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळालं. यातून फार मोठी माहिती जमा होणार, हे खरं. पण ती माहिती भरतीची आहे. स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा घरात होते: जेवण भरवणं, रात्री दाराला आतून कुलूप लावणं, एकच प्रश्न चाळीस वेळा ऐकणं. या कशाचंच बिल होत नाही. दाव्यात दिसेल ते मोडलेलं हाड आणि न्यूमोनिया. अशा दाव्यांवरून धोरण ठरवलं तर ते हाडांचं धोरण होईल.

चौथा कागद सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी वाचला जाणारा: मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना क्रमांक ४. रुग्णालयात मृत्यू झाला तर तो भरतात. बाहेर झाला तर नमुना ४-अ. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात थेट कारण, आणि त्याखाली ते कारण ज्यामुळे उद्भवलं ते मूळ कारण, अशी उतरती ओळ. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार. कागद विचारपूर्वक केलेला आहे. त्यात कार्यकारणभावाची अख्खी साखळी मांडायला जागा आहे. तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा. शिवाय तो भरण्याच्या सूचनांत स्पष्ट आहे की, हृदय बंद पडणं ही मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. जगात ज्याचं हृदय बंद न पडता मृत्यू झाला असा माणूस कोण? तरीही बहुतेक वेळा तेच लिहिलं जातं. रात्रीचे तीन वाजलेले असतात, नातेवाईक घाईत असतात, डॉक्टर चोवीस तास जागे असतात. आमच्या मित्राच्या कागदावर दुसरा भाग कोरा होता.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली मृत्यूच्या कारणांत स्मृतिभ्रंश पहिल्या क्रमांकावर होता. तिथली माणसं जास्त विसरतात असं नाही. आयुष्यमान वाढलं हे एक कारण, आणि डॉक्टर आता ते नाव लिहितात हे दुसरं. आपल्याकडे २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम बावीस टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र होतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मिळते म्हणून वाचता येते. वाचता येते म्हणून प्रश्न विचारता येतो.

आता आक्षेपांकडे येऊ. आमच्याच गटात दोन निघाले.

पहिला बँकवाल्यांचा. ते म्हणाले, "तुम्ही नोंदी वाढवा म्हणताय, पण आमच्या इमारतीचा पुनर्विकास चाललाय. एखाद्या सभासदाला विस्मरणाचा आजार आहे अशी नोंद बाहेर फुटली तर?" मुलुंड-बोरिवलीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. संमतीपत्रावरची सही, मृत्युपत्र, खोलीचा ताबा, सगळं त्या एका शब्दावर अडू शकतं. कुणी त्या माणसाला गुंडाळेल, कुणी त्याची शहाणपणानं केलेली सहीसुद्धा नाकारेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधन आणि आकडेवारीसाठी सूट आहे, पण त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेता येत नाही, ही अट आहे. त्याच कायद्यात आपण अक्षम झालो तर आपल्या वतीनं माहितीचे हक्क कुणी बजावायचे, ते आधीच नेमून ठेवण्याची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आपल्यावर उपचार कसे व्हावेत याचं पूर्वनिर्देशपत्र करता येतं. हे सगळं शहाणपण शाबूत असतानाच करायचं असतं. आम्ही पाचांनी ठरवलंय, यंदा करायचं. दोघांचं झालं, तिघांचं 'पुढच्या महिन्यात' चाललंय.

दुसरा आक्षेप परिचारिका बाईंचा, आणि तो जास्त बोचरा. "मोजून करायचं काय? मोजल्यावर न्यायचं कुठे?" सेवा नसताना केलेली मोजणी क्रूर असते, असं त्यांचं म्हणणं. आम्ही यावर तीन गुरुवार घालवले. मोजणीचा मोह कसा अंगाशी येतो याचं उदाहरणही सापडलं: इंग्लंडमध्ये निदानाचं प्रमाण वाढवायचं म्हणून २०१४ मध्ये डॉक्टरांना प्रत्येक वाढीव निदानामागे ५५ पौंड द्यायचं ठरलं. ओरड झाली, आणि काही महिन्यांत ती योजना आटोपती घेतली. आकडा साध्य झाला की माणूस साधन होतो. पण त्याच इंग्लंडमध्ये दवाखान्यांच्या रोजच्या नोंदींतून स्मृतिभ्रंशाचे आकडे नियमितपणे जाहीर होतात आणि कुठे सेवा कमी पडते हे सामान्य माणसालाही दिसतं. तिथे प्रत्येकाचा एक ठरलेला डॉक्टर असतो, आपल्याकडे नाही. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. बाईंना आमचं उत्तर अर्धंच आहे: न मोजल्यानं सेवा आली असं कधी झालेलं नाही. पण मोजल्यानं ती येईलच, हे आम्हाला सिद्ध करता आलेलं नाही. ते आम्ही मान्य करतो.

आता दोन शब्द आमच्या विषयातले. जॉन लॉकनं व्यक्तीची ओळख स्मृतीवर उभी केली: मला जेवढं माझं म्हणून आठवतं, तेवढा मी. हे मानलं तर आमच्या मित्राचं अस्तित्व देहाच्या सहा वर्षं आधीच संपायला लागलं होतं, असं म्हणावं लागेल. न्यायदर्शन तसं मानत नाही. तिथे आत्मा स्मृतीचा आश्रय आहे, स्मृतीनं बनलेला नाही. शिवाय नैयायिक स्मृतीला प्रमाण मानायला तयार नाहीत. का? तर ती केवळ जुन्या संस्कारातून उपजते. तिच्यात नवा अनुभव नाही. सरकारी नोंद ही समाजाची स्मृती आहे. तिलाही हाच नियम लावावा. ती उपयोगी आहे, पण अनुभवाशी ताडून पाहिल्याखेरीज प्रमाण नाही. आणि या आजारातला अनुभव कुणापाशी असतो? सांभाळणाऱ्यापाशी. एक्केचाळीस कागदांपैकी एकाही कागदावर त्या मुलीसाठी रकाना नव्हता. ती किती तास झोपते, तिनं नोकरी कधी सोडली, तिला स्वतःला बीपी कधी लागलं, हे कुणी विचारलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये स्मृतिभ्रंशाचा कृती-आराखडा केला. त्याच्या सात क्षेत्रांपैकी एक क्षेत्र माहिती-व्यवस्थेचं आहे. २०२५ पर्यंत निम्म्या देशांनी स्मृतिभ्रंशाचे ठरावीक आकडे नियमित गोळा करावेत, हे उद्दिष्ट होतं. ते गाठलं गेलं नाही, मुदत २०३१ पर्यंत वाढवली. केरळनं राज्य पातळीवर काम सुरू केलं, कर्नाटकानं निम्हान्सबरोबर सुरू केलं. महाराष्ट्राकडे आणि पालिकेकडे आमचं मागणं फार लहान आहे. नमुना ४ चा दुसरा भाग कोरा ठेवू नका. साठीपुढच्या माणसाच्या केसपेपरवर 'सोबत कोण आलं आणि त्यांचं काय म्हणणं' अशी एक ओळ वाढवा. आणि वर्षातून एकदा, नावं गाळून, वॉर्डवार आकडे जाहीर करा; पण जिथे संख्या इतकी कमी आहे की माणूस ओळखू येईल, तिथे करू नका.

आणि आपल्याकडे? आज घरी गेल्यावर ती पिशवी काढा. प्रत्येक घरात आहे. आई-वडिलांच्या किंवा स्वतःच्या कागदांत निदानाचं नाव स्पष्ट लिहिलंय का ते बघा. नसेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना नम्रपणे सांगा, "नाव लिहा." लाज वाटेल, शेजारी काय म्हणतील असंही वाटेल. तरी सांगा.

त्या मुलीला आम्ही काय उत्तर दिलं, असं कुणी तरी विचारेल म्हणून सांगतो. विम्याचे कागद टाक म्हणालो, बाकीचे ठेव. तिनं सगळेच ठेवलेत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.